त्या गल्लीत कोण काय ठेवून गेलं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या लायब्ररीवाल्या काकांचं एक जुनं रजिस्टर गेल्या महिन्यात मला पाहायला मिळालं. लाल कापडी पाठीचं, कडा झिजलेलं. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, शेरा असे रकाने. काकांनी लेखकाचा रकाना कधी कोरा सोडला नाही. अनुवाद असला तर मूळ लेखक वर, अनुवादक खाली, दोघंही सारख्याच अक्षरात. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून ते जुनी इंग्रजी कॉमिक्स आणायचे, पाठीला टाके घालून पुठ्ठा चिकटवायचे आणि पंचवीस पैसे रोजाने आम्हा मुलांना द्यायचे. त्या पानांवर बॅटमॅनचे चौदा अंक नोंदलेले आहेत. चौदाही ओळींत लेखक एकच: बॉब केन.

काकांनी अंकावर छापलं होतं तेच उतरवलं. पण अंकांचे क्रमांक लिहिलेले आहेत, त्यामुळे आज ताडून पाहता येतं. त्यातला एकही अंक बॉब केन यांनी लिहिलेला नाही.

मला आज विषय दिलाय तो बॅटमॅनच्या सर्वोत्तम लेखकांच्या क्रमवारीचा. असा क्रम लावू नये, साहित्य म्हणजे काही शर्यत नव्हे, असं म्हणणारे जाणकार इथे बसलेले आहेत हे मला ठाऊक आहे. मला मात्र क्रम लावायला आवडतो. क्रम लावायला बसलं की आपण कशाला चांगलं म्हणतो ते उघड सांगावं लागतं, आणि मग समोरचा त्यावर नीट भांडू शकतो.

मतं मोजून क्रम लावायचा नाही, एवढं मी आधीच ठरवलं होतं. बॅटमॅनच्या बाबतीत मतदान एकदा खरोखर झालं आहे. १९८८ साली बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने अंकात दोन फोन नंबर छापले. बॅटमॅनचा जोडीदार रॉबिन, म्हणजे त्या वेळचा जेसन टॉड नावाचा पोरगा, स्फोटात सापडला होता. तो मरावा असं वाटत असेल तर एक नंबर, वाचावा असं वाटत असेल तर दुसरा. मरावा म्हणणारे ५,३४३ फोन आले, वाचावा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी तो पोरगा मेला. एका मुलाच्या जिवाचा निकाल असा लागला हे वाचून मला तेव्हाही कसंसंच झालं होतं, आजही होतं.

मग कसोटी कोणती? कीर्तनातलं आख्यान समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे कुणाला नवं नसतं. श्रोता येतो तो, बुवा तारामतीपाशी आल्यावर काय करतात ते ऐकायला. बॅटमॅनचंही असंच एक ठिकाण आहे. आईवडिलांबरोबर सिनेमा पाहून घरी निघालेला मुलगा, समोर पिस्तूलवाला माणूस, दोन प्रेतं, आणि मधे एकटं उभं असलेलं पोर. ऐंशीहून अधिक वर्षं लेखकामागून लेखक या जागी येऊन उभे राहिले. माझी कसोटी एवढीच आहे, की तिथून जाताना त्याने काय मागे ठेवलं आणि पुढच्याला ते उचलावंसं वाटलं का.

पहिली जागा बिल फिंगर यांची. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

फिंगर यांचा जन्म १९१४चा, डेन्व्हरचा. वाढले न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. बुटांच्या दुकानात विक्रेत्याचं काम करता करता त्यांना लिहायचं होतं. १९३९ मध्ये बॉब केन या तरुण चित्रकाराने त्यांना एक कच्चं रेखाटन दाखवलं: लाल घट्ट कपडे, डोळ्यांवर छोटा मुखवटा, पाठीला ताठ पंख. फिंगर म्हणाले, पंख काढून झगा दे, तो मागे उडेल. डोकं झाकणारा टोप दे, त्याला वटवाघळाचे कान दे. डोळ्यांत बुबुळं काढू नकोस. लाल रंग घालवून करडा आण. मुखवट्यामागच्या माणसाचं ब्रूस वेन हे नाव त्यांनीच दिलं. गॉथम हे शहराचं नावही त्यांनीच टेलिफोन डिरेक्टरी चाळताना एका सराफाच्या दुकानाच्या नावावरून उचललं. मे १९३९च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ क्रमांक २७ मधली सहा पानांची पहिली कथा त्यांनीच लिहिली. तिचं कथानक त्यांनी ‘शॅडो’ नावाच्या नायकाच्या एका जुन्या कादंबरीवरून घेतलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पहिला अंक म्हणून तो लाखमोलाचा असेल, कथा म्हणून त्यात फारसं काही नाही.

पण सहा महिन्यांनी, क्रमांक ३३च्या अंकात, सुरुवातीची दोन पानं आली. ही दोन पानं फिंगर यांची मानली जातात. तोवरचे पोशाखी नायक परग्रहावरून पडत, नाहीतर साहसाची हौस म्हणून मुखवटा चढवत. इथे रस्त्यावर आईवडील मेले आणि मेणबत्तीच्या उजेडात पलंगाशी गुडघे टेकून एक मुलगा शपथ घेतो. दोन पानांत, मोजक्या चौकटींत सगळं उरकलं आहे. आईला नावसुद्धा दिलेलं नाही. मारेकरी कोण, त्याचं पुढे काय झालं, काही नाही. ती रिकामी ठेवलेली जागाच पुढच्या सगळ्यांच्या उपयोगी पडली.

नऊ वर्षांनी ती जागा फिंगर यांनीच पहिल्यांदा भरली. १९४८चा ‘बॅटमॅन’ क्रमांक ४७. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत चांगली कथा. बॅटमॅनला आईवडिलांचा मारेकरी सापडतो. नाव जो चिल. पुरावा नाही, त्यामुळे कोर्टात उभा करता येत नाही. मग बॅटमॅन त्याच्यासमोर जाऊन टोप काढतो. ज्या मुलाला तू त्या रात्री एकटं सोडून पळालास तो मीच, म्हणून सांगतो. एवढंच. मारत नाही. चिल भेदरून आपल्या टोळीकडे धावतो आणि मदत मागता मागता बोलून जातो, की बॅटमॅनला मी घडवलं. ज्यांना बॅटमॅनने वर्षानुवर्षं तुरुंगात धाडलं ते हे ऐकतात आणि त्याला तिथेच गोळ्या घालतात. आता बॅटमॅन कोण हे सांग, असं त्यांच्या लक्षात येईतो उशीर झालेला असतो. सूड घेण्याची संधी नायकाच्या हातात आणून द्यायची, ती त्याला घेऊ द्यायची नाही, आणि तरी न्याय घडवायचा, हे कमीत कमी पानांत साधलं आहे. आणि विचार करा, ‘मी त्याला घडवलं’ हे वाक्य कोण लिहितोय! पानावर नाव बॉब केन यांचं, कंपनीशी करार त्यांचा, आणि फिंगर केन यांचे मजुरीवर काम करणारे लेखक म्हणून सुरू झालेले.

१९६५ मध्ये एका चाहत्याने फिंगर यांच्या कामाबद्दल लेख लिहिला तेव्हा केन यांनी जाहीर पत्र लिहून ते खोडून काढलं. १९७४च्या जानेवारीत फिंगर वारले, एकोणसाठाव्या वर्षी. १९८९ मध्ये आत्मचरित्रात केन यांनी कबूल केलं, की फिंगर यांना श्रेय मिळायला हवं होतं. तेव्हा ते घ्यायला फिंगर नव्हते. पुढे मार्क टायलर नोबलमन या लेखकाने कागदपत्रं शोधली, वारस शोधले, २०१२ मध्ये मुलांसाठी फिंगर यांचं सचित्र चरित्र काढलं. फिंगर यांच्या नातीने हक्क मागितला. आणि २०१५ पासून बॅटमॅनच्या प्रत्येक अंकावर केन यांच्या जोडीला बिल फिंगर हे नाव छापलं जाऊ लागलं. तोवर शहात्तर वर्षं गेली होती. ब्राँक्समध्ये पो पार्कजवळच्या एका कोपऱ्याला २०१७ मध्ये त्यांचं नाव दिलं. त्या बागेत एडगर अ‍ॅलन पो यांची झोपडी जपून ठेवली आहे. हेरकथा जन्माला घालणाऱ्या लेखकाच्या अंगणात बसून फिंगर आणि केन बॅटमॅनच्या गोष्टी रचत असत.

दुसरी जागा डेनिस ओनील यांची. त्यांचा जन्म १९३९च्या मे महिन्यातला, म्हणजे बॅटमॅनच्या पहिल्या अंकावर जो महिना छापला आहे तोच. मिसूरीतल्या सेंट लुइसचे, आधी पत्रकार. १९६६ ते ६८ मध्ये बॅटमॅनची रंगीत, उड्या मारणारी टीव्ही मालिका गाजून संपली होती आणि अंक त्याच चालीवर चालले होते. ओनील यांच्याकडे काम आलं तेव्हा ते कंपनीच्या ग्रंथसंग्रहात जाऊन बसले आणि सुरुवातीच्या वर्षांचे अंक वाचत राहिले. फिंगर आणि केन यांना काय करायचं होतं ते त्यांना समजून घ्यायचं होतं. १९७०च्या जानेवारीच्या अंकापासून नील अ‍ॅडम्स यांच्या चित्रांसह त्यांनी रात्र परत आणली. १९७१ मध्ये रास अल गुल आणला. पृथ्वी वाचवण्यासाठी माणसं मारायला निघालेला हा विद्वान खलनायक आजही जुना वाटत नाही. १९७३ मध्ये जोकरला पुन्हा खुनी केलं, कारण मधल्या वर्षांत तो नुसता विदूषक उरला होता.

यापेक्षा मला त्यांची १९७६ची एक लहान कथा मोठी वाटते. रेखाटनं डिक जिओर्डानो यांची. बॅटमॅन दरवर्षी एका ठरावीक रात्री हातातलं काम टाकून शहराच्या एका पडक्या गल्लीत जातो. ‘क्राइम अ‍ॅली’ हे तिचं नाव ओनील यांनीच दिलं. तिथे एक म्हातारी राहते, लेस्ली टॉम्पकिन्स. आईवडील पडले त्या रात्री त्या मुलाला जवळ घेणारी, त्याला रडू देणारी ही बाई. सदतीस वर्षं सगळ्यांनी ते पोर त्या रस्त्यावर एकटं उभं केलं होतं. शपथ होती, सूड होता, वटवाघूळ होतं. खांद्यावर कुणाचा हात नव्हता. ओनील यांनी तो ठेवला. त्या रात्री एक भुरटा चोर बॅटमॅनवर पिस्तूल रोखतो आणि बॅटमॅनचा तोल जातो, कारण त्या गल्लीत, त्या रात्री, पिस्तूल. हे मी आठवीत असताना वाचलं. काकांच्या रजिस्टरमधल्या चौदा अंकांतला हा एक आहे. परत करायला दोन दिवस उशीर केला आणि काकांनी दंड घेतला नाही.

पुढच्यांनी लेस्लीला उचललं का? उचललं. तिला डॉक्टर केलं, दवाखाना काढून दिला, ब्रूसला वाढवायला लावलं. आज तिच्याशिवाय ते बालपण पूर्ण होत नाही.

ओनील यांच्या नावावर एक डागही आहे. फोनवरच्या त्या मतदानाच्या वेळी बॅटमॅनच्या अंकांचे संपादक तेच होते. मी तो हिशेबात धरला आहे. म्हणूनच पहिली आणि दुसरी यांत माझ्या मते बरंच अंतर आहे.

तिसरे फ्रँक मिलर. १९८६चं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ जगभर डोक्यावर घेतलं गेलं आणि त्यातला पंचावन्न वर्षांचा थकलेला, संतापलेला बॅटमॅन पुढे सगळ्यांनी इतक्या वेळा उसना घेतला, की मूळ पुस्तक आता कर्कश वाटतं. पण त्यातल्या एका प्रसंगापुढे मी आजही थांबते. सिनेमा कोणता ते मिलर यांनी सांगितलं, ‘द मार्क ऑफ झोरो’, म्हणजे मुखवटेवाल्या नायकाचाच. आणि आईच्या गळ्यातला मोत्यांचा सर. पिस्तूल धरलेला हात त्यात अडकतो, सर तुटतो, मोती सुटतात. चौकटीमागून चौकट, जवळजवळ शब्दांवाचून. १९३९ मध्ये ज्याला मोजक्या चौकटी पुरल्या होत्या तो क्षण मिलर यांनी इतका लांबवला, की वाचणाऱ्याचा श्वास अडकावा. त्यानंतर ते मोती चित्रपटांत, मालिकांत, खेळांत, सगळीकडे सांडले. गल्लीत ठेवलेल्या वस्तूंत सर्वांत जास्त उचलली गेलेली वस्तू हीच असावी.

तरी मिलर यांचं खरं मोठेपण मला १९८७च्या ‘इयर वन’मध्ये दिसतं. डेव्हिड मॅझुकेली यांची चित्रं, चार अंक, एक वर्ष. ब्रूस विमानाने शहरात येतो, जिम गॉर्डन आगगाडीने, आणि कथा दोघांची म्हणून चालते. किंबहुना गॉर्डनची जास्त. भ्रष्ट पोलीस खात्यात एकटा प्रामाणिक, घरी गरोदर बायको, आणि तरी सहकारी बाईत गुंतलेला. मुखवट्यातल्या माणसापेक्षा खाकीतला माणूस जास्त धाडसी असू शकतो हे या कथेत पहिल्यांदा इतकं स्पष्ट झालं. सेलिना काइलला, म्हणजे कॅटवुमनला, मात्र मिलर यांनी वेश्यावस्तीतून आणलं आणि तिला द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. ते मला तेव्हाही खटकलं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण आता अ‍ॅलन मूर यांचं नाव येईल म्हणून थांबले असतील. १९८८चं ‘द किलिंग जोक’ ब्रायन बोलंड यांनी अप्रतिम काढलं आहे. मूर हे या माध्यमातले फार मोठे लेखक, पण हे पुस्तक त्यांना स्वतःलाही पुढे चांगलं वाटलं नाही. जोकर गॉर्डनच्या मुलीला, बार्बराला, गोळी घालतो, ती कमरेखाली लुळी पडते, आणि गोष्ट तिला तिथेच टाकून दोन पुरुषांच्या वादाकडे निघून जाते. तिला कुणी उचललं? किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या पतिपत्नींनी. त्यांनी १९८९ मध्ये तिला संगणकापाशी बसवून ‘ओरॅकल’ केलं, आणि वीसहून अधिक वर्षं चाकाच्या खुर्चीतली ती बाई त्या शहरातली सर्वांत जाणती व्यक्ती होती. माझ्या यादीत मूर यांच्या वर ही दोघं आहेत.

स्टीव्ह एंगलहार्ट यांनी १९७७-७८ मध्ये मार्शल रॉजर्स यांच्यासोबत जेमतेम आठ-दहा महिने लिहिलं. त्यांची ‘लाफिंग फिश’ मला अतिशय प्रिय आहे. समुद्रातल्या माशांच्या तोंडावर जोकर स्वतःचं हसू उमटवतो आणि सरकारी कचेरीत जाऊन त्यावर मालकी हक्क मागतो. मासे ही निसर्गाची संपत्ती, त्यावर हक्क मिळत नाही, असं तो कारकून समजावून सांगतो, आणि जोकर त्याच्या जिवावर उठतो. फिंगर यांना जाऊन चार वर्षं झाली होती. ज्या धंद्यात लेखकाला आपल्या निर्मितीवर काडीचा हक्क नव्हता, त्या धंद्यातल्या लेखकाने हे लिहिलं. पण गल्लीत एंगलहार्ट थांबले नाहीत, म्हणून ते माझ्याकडे पाचवे. स्कॉट स्नायडर आणि टॉम किंग यांनी अलीकडे पुष्कळ लिहिलं, खपलंही. त्यांनी मागे काय ठेवलं ते दिसायला अजून वेळ जावा लागेल.

चौथ्या जागेसाठी मी बरेच दिवस घालवले. ग्रँट मॉरिसन यांचा दावा भक्कम आहे. २००६ पासून त्यांनी एक विलक्षण पण धरला: १९३९ पासूनची प्रत्येक गोष्ट, अगदी पन्नाशीच्या दशकातल्या परग्रहवासीयांसकट, एकाच माणसाच्या आयुष्यात घडलेली आहे. इतरांनी लाजून झाकून ठेवलेल्या कथा त्यांनी प्रेमाने बाहेर काढल्या. ते फिंगर यांच्या १९४८च्या कथेपाशीही गेले. २००८च्या एका अंकात बॅटमॅन रोज रात्री म्हाताऱ्या चिलच्या खिडकीशी येतो आणि शेवटी ते जुनं पिस्तूल त्याच्यापुढे ठेवतो. वाचताना अंगावर काटा येतो. पण अंक मिटल्यावर मी दोन्ही कथा शेजारी ठेवल्या. फिंगर यांच्या बॅटमॅनने आपला चेहरा दाखवला, मॉरिसन यांच्या बॅटमॅनने हत्यार दिलं. त्या मुलाने हत्यार दिलं नसतं, असं मला वाटतं. इथे माझी आणि मॉरिसन यांची वाट वेगळी होते.

म्हणून चौथी जागा मी पॉल डिनी यांना देते, आणि ती टीव्हीसाठी लिहिणाऱ्याला का, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. १९९२च्या व्यंगपटमालिकेत त्यांनी हार्ली क्विन आणली, मिस्टर फ्रीझला आजारी बायको देऊन माणूस केलं, हे सगळं आहेच. मी बोलते आहे ते २०१६च्या त्यांच्या ‘डार्क नाइट’ या चित्रकादंबरीबद्दल. रेखाटनं एदुआर्दो रिस्सो यांची. गोष्ट खरी आहे. १९९३च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये रात्री पायी घरी जाताना दोन माणसांनी डिनी यांना लुटलं आणि चेहऱ्याची हाडं मोडेपर्यंत मारलं. तेव्हा ते बॅटमॅनवरच्या चित्रपटाचं लेखन करत होते. म्हणजे गल्ली तीच, रात्र तीच, आणि खाली पडलेला माणूस बॅटमॅनचा लेखक. बॅटमॅन आला नाही. शस्त्रक्रियेनंतर घरात कोंडून घेतलेल्या त्या माणसाला जोकर खुर्चीत बसून सांगतो, की आता बाहेर जाऊच नकोस. बॅटमॅन त्याला ऊठ म्हणतो, पण त्याच्या बोलण्यात दयामाया नाही. जो संकटात येत नाही अशा नायकाबद्दल आपण मुलांना का सांगायचं, हा प्रश्न डिनी यांनी सबंध पुस्तकभर धरून ठेवला आहे. इतरांनी त्या गल्लीत पात्रं ठेवली, वस्तू ठेवल्या. डिनी तिथे स्वतः पडले होते, आणि ते लिहायला त्यांना तेवीस वर्षं लागली.

चित्रपटाचं काम त्यांनी टाकलं नाही. तो चित्रपट, ‘मास्क ऑफ द फँटॅझम’, १९९३च्याच डिसेंबरमध्ये लागला. त्यात प्रेमात पडलेला तरुण ब्रूस पावसात आईवडिलांच्या थडग्यापुढे उभा राहतो आणि विनवतो, की मी सुखी होईन असं मला वाटलंच नव्हतं, आता त्या शपथेतून मला मोकळं करा. ती पटकथा चौघांनी मिळून लिहिली: अ‍ॅलन बर्नेट, पॉल डिनी, मार्टिन पॅस्को आणि मायकल रीव्ह्ज.